लाव्ह्यांचं आंबोण: एक बरणी, ११ पक्षी आणि वास

ठिपकेदार | १२ मे, रात्री ९:४०

गच्चीवरच्या खुराड्यात माझे ११ लाव्हे आहेत. ९ लाव्ह्या, २ नर. जपानी लाव्हे, म्हणजे बाजारात ज्यांना बटेर म्हणतात ते. रानातले लावे नव्हेत. ते पकडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा तो विषय इथे नको. मागच्या धाग्यावर अर्धे प्रतिसाद त्यातच गेले होते.

मुद्दा खाद्याचा. लाव्हा खातो थोडं आणि उधळतो फार. मोठा पक्षी दिवसाला २० ते २५ ग्रॅम कोरडं खाद्य खातो, पण चोच उजवी-डावीकडे झटकून बरंच सांडतो. नको ते बाजूला, आवडतं तेवढं पोटात. एप्रिलमध्ये एक आठवडा ट्रेखालची भुकटी चाळून वजन केलं. ६०० ग्रॅम! आणि पोतं काही फुकट येत नाही.

तेव्हा आजीचा गोठा आठवला. संध्याकाळच्या धारेआधी ती घमेल्यात पेंड आणि चुणी भिजवून ठेवायची. आंबोण. गाय घमेल्याचा तळ चाटून घासल्यासारखा लख्ख करायची. म्हटलं, गाईला चालतं तर २०० ग्रॅमच्या जिवाला का नाही?

तर कृती अशी. लोणच्याची रिकामी ५ लिटरची चिनी मातीची बरणी गरम पाण्याने धुवून उन्हात वाळवली. त्यात ब्रॉयलर स्टार्टरचं (मांसाच्या कोंबड्यांच्या पिल्लांचं खाद्य) क्रम्बल, म्हणजे भरडसर दाणे, १ किलो. नळाचं पाणी रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवलेलं, साधारण दीड लिटर. (आमच्याकडे पाण्याला क्लोरीनचा वास येतो, आणि जे पाण्यातले जंतू मारतं ते आपल्याला हवे असलेलेही मारणार.) वर पळीभर ताजं ताक, मीठ न घातलेलं. लाकडी उलथन्याने ढवळलं, दाबून सपाट केलं. वर बोटाच्या पेराएवढं पाणी राहिलं पाहिजे. तोंडाला दादरा बांधला. झाकण घट्ट लावायचं नाही, आत वायू होतो. सकाळ-संध्याकाळ ढवळायचं.

दुसऱ्या दिवशी बुडबुडे आणि इडलीच्या पिठाचा वास. तिसऱ्या सकाळी छान आंबूस. पीएच पट्टीने ४.२ च्या आसपास (आकडा जितका कमी तितकं आंबट). ताटलीत घातलं तर आधी दोघी नुसत्या बघत राहिल्या, मग बाईसाहेब एकदा चोच बुडवून बसल्या आणि पुढची पाच मिनिटं खुराड्यात आवाज नाही.

आज दहावा दिवस. ट्रेखाली भुकटी जवळजवळ नाही. अजून कोणी करतं का?

पाणचट | १२ मे, रात्री १०:०५

शीर्षक घाईत वाचलं, लाव्ह्याचं आंबोण म्हणजे ज्वालामुखीत पीठ भिजवताय की काय असं वाटलं. ह. घ्या. (हलके घ्या.)

वऱ्हाडी ठेचा | १३ मे, सकाळी ७:२०

ताई, पुण्याचं ठीक आहे हो. आमच्या अकोल्यात सध्या पारा ४४ वर आहे. माझं तर १८ तासांतच फसफसून बाहेर येते. पहिल्या वेळी बरणी भरून ठेवली अन् रात्री सगळं ओट्यावर. बायको म्हणे, हे पाखरांसाठी हाय का आपल्यासाठी दारू काढतासा?

उन्हाळ्यात माझी पद्धत: बरणी अर्धीच भरायची. परातीत पाणी ठेवून त्यात बरणी उभी करायची, वरून ओलं गोणपाट. माठासारखं. एका दिवसात तयार, मग डबा फ्रीजमध्ये. फ्रीजमध्ये आंबणं थांबत नाही पण मंदावते, तीन-चार दिवस आरामात जाते.

अजून एक. वास दह्याचा पाहिजे. दारूचा, गोडसर, नाकात जाणारा आला तर खमीर वरचढ झालं. माझ्याकडं ते तापमान फार वाढलं की होते. असलं मी पाखरांना घालत नाही, खताच्या खड्ड्यात टाकतो.

गगनबावडा | १३ मे, दुपारी १:१५

लय भारी धागा. मी मागच्या पावसाळ्यात केलतं, तीन आठवड्यांत सोडलं. १६ पक्ष्यांची अंडी दिवसाला १२-१३ वरनं ५ वर आली. हातात धरलं की छातीचं हाड टोचायला लागलं. तेव्हापासनं कोरडंच.

ठिपकेदार | १३ मे, दुपारी २:५०

बावडा, दिवसाला किती घालत होतास?

गगनबावडा | १३ मे, दुपारी ३:०२

पुस्तकात २५ ग्रॅम म्हटलंय, तेवढंच. काट्यावर मोजून घालत होतो की.

ठिपकेदार | १३ मे, दुपारी ३:१०

ओलं २५ ग्रॅम?

गगनबावडा | १३ मे, दुपारी ३:११

…

गगनबावडा | १३ मे, दुपारी ३:१४

आयला.

ठिपकेदार | १३ मे, दुपारी ३:३०

१ किलो खाद्याला दीड लिटर पाणी म्हणजे बरणीत अडीच किलो ऐवज. २५ ग्रॅम कोरडं हवं असेल तर ओलं साधारण ६२ ग्रॅम. तू त्यांना १० ग्रॅमवर ठेवलं होतंस रे! माझ्या ११ पक्ष्यांना दिवसाला ६८०-६९० ग्रॅम ओलं लागतं, सकाळी निम्मं, चार वाजता निम्मं. आधी किती कोरडं टाकायचं ते मोजायचं, मग भिजवायचं. ओल्याचं वजन पाण्यावर बदलतं.

पाणचट | १३ मे, दुपारी ३:४१

गगनबावड्यात उपोषण. अंडी ५ तरी दिली म्हणजे त्या लाव्ह्या मोठ्या मनाच्या.

डॉ खुराडे | १४ मे, रात्री ११:३०

मी पशुवैद्य आहे, पक्षी रोज बघतो. काही गोष्टी लिहितो, क्रम नाही.

आंबवण्यात चमत्कार नाही. धान्यावर मुळातच लॅक्टिक आम्ल करणारे जंतू असतात, ताक घातलं तर गाडी लवकर सुटते एवढंच. आम्ल वाढतं, पीएच ४.५ च्या खाली गेला की साल्मोनेलासारख्यांना राहणं अवघड होतं. धान्यातलं फॉस्फरस फायटेट म्हणून बांधलेलं असतं, पक्ष्याला ते नीट सोडवता येत नाही, आंबताना त्यातलं काही सुटतं. डेन्मार्क, नेदरलँडमध्ये डुकरांना पातळ आंबवलेलं खाद्य वर्षानुवर्षं देतात, हा काही फेसबुकवरचा शोध नाही. पण "आंबवलं की औषध लागत नाही", "अंडी दुप्पट" हे मी मानत नाही. तुमचा खरा फायदा ठिपकेदारताईंनी सांगितला तोच: सांडणं थांबलं.

ताक पळीभर ठीक. वाटीभर नको. पक्ष्यांना दुधातली साखर पचवायची सोय जवळजवळ नाही.

पोत्यावर शिवलेली चिठ्ठी वाचा. ब्रॉयलर स्टार्टरमध्ये बऱ्याचदा कॉक्सिडिओसिसवरचं (आतड्यातल्या परजीवींचा रोग) औषध मिसळलेलं असतं. असलं खाद्य आंबवायला घेऊ नका, आणि अंडी घरात खात असाल तर मुळातच ते घालू नका. दुकानात बिनऔषधाचं मागा, मिळतं.

बुरशी आलेला मका किंवा शेंगदाणा पेंड "आंबवून चालवू" हा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर काढून टाका. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, बरणीत आंबट झालं म्हणून जात नाही. बुरशी मरते, विष राहतं. शंका आली तर पोतं फेका.

पेणची पोर | १५ मे, सकाळी १०:४५

डॉक्टर, पिल्लांना चालतं का? विचारतेय कारण मी केलंय आणि वाईट अनुभव आहे.

इन्क्युबेटरमधून १७ व्या-१८ व्या दिवशी २२ पिल्लं निघाली. अंगठ्याएवढी, ७-८ ग्रॅमची. मी हौसेने चौथ्या दिवसापासून आंबवलेलं लापशीसारखं पातळ दिलं. पिल्लं त्यात उभी राहून खायची. आठवड्याने बघते तर बोटांना सिमेंटसारखे गोळे. कोमट पाण्यात पाय बुडवून एकेकाचे गोळे सोडवत बसले, तरी चार पिल्लांची नखं गेली आणि एकाचं अख्खं बोट. दोन पिल्लं ओली होऊन गारठून गेली. बल्ब होता, तरीही.

डॉ खुराडे | १५ मे, दुपारी १२:२०

चालतं का, तर पोटाला चालतं, पायाला नाही. पहिले तीन आठवडे बारीक कोरडं क्रम्बलच. प्रथिनं २४ टक्क्यांच्या पुढे हवीत. पाण्याच्या ताटलीतही गोट्या घाला, नाहीतर पिल्लं त्यात बुडून मरतात, हे तुम्हाला माहीत असेलच. द्यायचंच असेल तर तिसऱ्या आठवड्यानंतर, मुठीत दाबलं की गोळा होईल आणि बोटाने टोचलं की फुटेल इतकं कोरडसर, तेही जाळीच्या वर ठेवून. तुमचं काही चुकलं असं मनाला लावून घेऊ नका, हे गोळ्यांचं प्रकरण मी कोरड्या खाद्यावरही बघतो, खाली भुशाची गादी ओली असली की.

पेणची पोर | १५ मे, दुपारी १२:३१

धन्यवाद डॉक्टर. बोट गेलेली आता अंडी घालते. नाव तैमूर ठेवलं होतं, नंतर कळलं मादी आहे.

बर्फातला बाळू | १६ मे, पहाटे ५:१०

मिनेसोटातून. इथे गराजमध्ये १४ पक्षी आहेत. इकडे गेम बर्डचं खाद्य मिळतं, २८-३० टक्के प्रथिनांचं, त्यामुळे तो प्रश्न नाही. थंडीत मात्र बरणी पाच-पाच दिवस ढिम्म. शेवटी घरात, फर्नेसच्या खोलीत ठेवली. सासूबाई भारतातून आल्या होत्या, त्यांनी वास घेऊन "आंबोळ्या घालू का?" म्हणून विचारलं.

एक शिकलो. जुन्या बरणीतलं वाटीभर पाणी नव्या घाण्यात टाकायचं, विरजणासारखं. मग दुसऱ्या घाण्यापासून वेळ निम्मा. बरणी चार-पाच घाण्यांनंतर मात्र रिकामी करून धुतो.

मालवणी खाजं | १७ मे, रात्री ८:००

+१ विरजणाला. पण कोकणात पावसाळ्यात काळजी घ्या. जे पाण्यावर तरंगतं त्यालाच बुरशी धरते. मी वर केळीच्या पानाचा गोल तुकडा ठेवून त्यावर धुतलेला नदीतला गोटा ठेवते. लोणच्यासारखं. वर पांढरी पातळ साय आली तर ती खमीराची, काढून टाकते. हिरवं, काळं किंवा केसाळ काही दिसलं तर अख्खी बरणी गेली.

अजून: भाताचा कोंडा स्वस्त म्हणून खूप जण घालतात. गिरणीतून आणलेला कोंडा आमच्या हवेत चार दिवसांत खवट होतो. ताजा असेल तरच.

आणि सुका जवळा. मी मूठभर जवळा धुवून घालते, मग भिजत घालते. धुवायचंच, खारटपणा जातो. प्रथिनं मिळतात आणि लाव्ह्यांना तो इतका आवडतो की आधी तेवढाच वेचतात.

घरचं सोयाबीन | १८ मे, दुपारी ४:३३

आमच्याकडे लातूरला घरचं सोयाबीन आहे. भरडून तेच आंबवलं तर? पोत्याचा खर्चच नको.

डॉ खुराडे | १८ मे, रात्री १०:१२

कच्चं नको. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिन पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेने जातात, भिजवून-आंबवून पुरेसे जात नाहीत. बाजारातली पेंड भाजलेली असते म्हणून चालते. घरचं असेल तर आधी नीट भाजून किंवा शिजवून, तेही खाद्याचा एक भाग म्हणून.

ठिपकेदार | ९ जून, रात्री ९:१५

मदत हवी आहे.

डॉक्टरांचं ऐकून पोत्याची चिठ्ठी वाचली, औषधाचं होतं. बिनऔषधाचं मिळेपर्यंत म्हणून कोंबड्यांचं लेयर मॅश आणलं. लाव्ह्या अंड्यावर आहेत, लेयर म्हणजे त्यांचंच, असा विचार. शिवाय टरफलं जरा पातळ वाटत होती म्हणून मूठभर शिंपल्याचा चुराही बरणीतच टाकला. सगळं एकत्र, एकदाचं काम.

ताक तेच, पाणी तेच, बरणी तीच. पहिल्याच दिवशी भरपूर फेस आला, मला वाटलं वा, जोरात आंबतंय. तिसऱ्या दिवशी आंबूस वासच नाही. उलट तुंबलेल्या मोरीसारखा. पट्टी ५.५ दाखवते. दुसरी बरणी लावली, तेच. मूर्खपणा असा की पहिल्या बरणीतलं एकदा घातलं. आज एक लाव्ही फुगून कोपऱ्यात बसली आहे, दोघींची विष्ठा पातळ, तपकिरी, फेसाळ.

बरणी खराब झाली का? ताक वाईट होतं का?

डॉ खुराडे | ९ जून, रात्री ९:३२

आधी पक्षी. ती बरणी बंद. कोरडं खाद्य, स्वच्छ पाणी, खालचा भुसा आत्ताच बदला. फुगलेली वेगळी, उबेत. उद्या सकाळी खात नसेल तर जवळच्या डॉक्टरकडे न्या, फोनवर औषध सांगणार नाही. लाव्ह्यांना आतड्याला व्रण पडणारा एक रोग होतो, पुस्तकात त्याला क्वेल डिसीज असंच नाव आहे, ओल्या घाण गादीवर तो फोफावतो. तो असेलच असं नाही, पण वाट बघत बसू नका.

तपकिरी फेसाळ विष्ठा मात्र प्रत्येक वेळी आजार नसतो. पक्ष्याची आंधळी आतडी दिवसातून एखाद-दोनदा अशी लापशीसारखी, घाण वासाची विष्ठा टाकतात. बाकीची विष्ठा घट्ट आणि वर पांढरी टोपी असेल तर ते नेहमीचं. सगळीच पातळ असेल तर चिंता.

रसायनमास्तर | १० जून, सकाळी ६:०५

मी ३१ वर्षं सांगलीत शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. पक्षी पाळत नाही, नातू पाळतो म्हणून हा धागा वाचतो. तुमच्या बरणीला काही झालेलं नाही आणि ताकालाही नाही. तुम्ही बरणीत चुनखडी घातलीत.

लेयर मॅशमध्ये अंड्याच्या टरफलासाठी कॅल्शियम असतं, साधारण ३ टक्के किंवा जास्त. ते बहुतेक चुनखडीच्या पुडीतून येतं, आणि चुनखडीत कॅल्शियम ३८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे १ किलो मॅशमध्ये ८० ग्रॅम चुनखडी आधीच होती. वर तुमचा शिंपला, तोही तोच पदार्थ, कॅल्शियम कार्बोनेट. आता जंतू बिचारे लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि चुनखडी ते खाते. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट १८० ग्रॅम लॅक्टिक आम्ल निष्प्रभ करू शकतं. म्हणजे तुमच्या मॅशमधले ८० ग्रॅम १४४ ग्रॅम आम्लाला पुरून उरतील. एक किलो खाद्यात दोन-तीन दिवसांत एवढं आम्ल होतच नाही. सगळी चुनखडी लगेच विरघळत नाही हे खरं, पण बारीक पूड बरीच विरघळते.

तुम्हाला दिसलेला फेस आंबण्याचा कमी आणि कार्बन डायऑक्साइडचा जास्त. लिंबू पिळून शहाबादी फरशीवर सांडलं की फसफसतं ना, तसा; तीही चुनखडीच. फेस म्हणजे आंबलं असं नव्हे. पीएच खाली गेलाच नाही, दार उघडंच राहिलं, आणि आम्लाने जे जंतू बाहेर राहिले असते ते आत आले. मोरीचा वास त्यांचा.

पाणचट | १० जून, सकाळी ७:५०

सर, दहावीला तुम्ही मिळाला असता तर मी आज इथे नसतो.

रसायनमास्तर | १० जून, सकाळी ८:१०

दहावीला तुम्ही मला मिळाला नाहीत हे माझं भाग्य. ह. घ्या.

वऱ्हाडी ठेचा | १० जून, सकाळी ९:२५

हे म्हणजे भारीच. काहून म्हणते, माझा भाऊ कोंबड्यांना लेयर मॅश आंबवते अन् त्याचं कधीच नीट आंबट होत नाही. तो म्हणे पाण्यात दोष आहे, बोअरचं जड पाणी. आता त्याला फोन लावतो.

रसायनमास्तर | १० जून, सकाळी ९:४०

जड पाण्यातही थोडा क्षार असतो, पण त्याचा वाटा चुनखडीच्या तुलनेत चहातल्या वेलचीएवढा.

गगनबावडा | १० जून, दुपारी १२:००

मग कॅल्शियम द्यायचं कसं ओ? टरफलं पातळ राहतील.

डॉ खुराडे | १० जून, दुपारी १:१५

वेगळ्या वाटीत. बरणीत कॅल्शियम कमी असलेलं खाद्य आंबवा, आणि शिंपल्याचा जाडसर चुरा कोरडा, बाजूच्या वाटीत कायम ठेवा. लाव्ही संध्याकाळी स्वतः खाते, टरफल बरंचसं रात्रीत बनतं. नर त्याला फारसं तोंड लावत नाहीत, आणि ते चांगलंच, त्यांना जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडाला त्रास देतं. नुसतं धान्य अख्खं देत असाल तर बारीक खडीही वेगळी हवी.

दुसरी गोष्ट. कोंबड्यांच्या लेयर मॅशमध्ये प्रथिनं साधारण १६ ते १८ टक्के. अंड्यावरच्या लाव्हीला २० च्या आसपास लागतात. म्हणजे ताई, तुमचं मॅश चुनखडीने जास्त आणि प्रथिनांनी कमी, दोन्हीकडून चुकलं. अंडी कमी झाली असतील तर त्याचं नवल नको.

ठिपकेदार | १० जून, संध्याकाळी ७:०५

झालीत. ९ जणींची ७-८ यायची, गेले चार दिवस ४.

मास्तर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि मग स्वयंपाकघरात जाऊन खरंच फरशीवर लिंबू पिळलं. फसफसलं. नवऱ्याने फरशीचा डाग दाखवला आहे.

फुगलेली आज थोडं खातेय. इथल्या जवळच्या डॉक्टरांकडे नेऊन आणली. त्यांनी विष्ठा तपासली, मोठं काही नाही म्हणाले, बदललेल्या खाद्याने पोट बिघडलं असावं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लाव्ही हातात धरली, ती निसटून त्यांच्या फायलींच्या कपाटाखाली गेली, पंधरा मिनिटं मी, डॉक्टर आणि कंपाउंडर तिघं जमिनीवर.

मालवणी खाजं | १० जून, रात्री ८:४०

फायलींमागे अंडं दिलं नाही ना?

चारकोनी | ११ जून, सकाळी ११:००

नवीन आहे. हे जपानी लाव्हे भारतात आले कधी? माझे बाबा म्हणतात त्यांच्या लहानपणी नव्हते.

डॉ खुराडे | ११ जून, दुपारी २:००

बाबा बरोबर आहेत. १९७४ च्या सुमाराला बरेलीजवळ इज्जतनगरला आणले. पुढे तिथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने आपल्या हवामानाला मानवतील अशी वाणं तयार केली. सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येतात, १०-१२ ग्रॅमचं ठिपकेदार अंडं. अंड्यावर राहायला १४-१६ तास उजेड लागतो. हिवाळ्यात अंडी थांबली की लोक खाद्याला दोष देतात, बल्ब लावत नाहीत. बरणी कितीही आंबट करा, अंधारात लाव्ही अंडं देत नाही.

ठिपकेदार | ३० जून, रात्री १०:२०

हिशेब द्यायला आले.

बिनऔषधाचं स्टार्टर मिळालं. आता दोन बरण्या, एक आंबतेय तोवर दुसरी खायला. पाणी थोडं कमी केलं, १ किलोला १.३ लिटर, मिश्रण शिऱ्यासारखं. लापशी केली की छातीची पिसं चिकट होतात आणि गादी ओली राहते. त्यामुळे मापही बदललं, एका पक्ष्याला ५७-५८ ग्रॅम ओलं. पट्टी पुन्हा ४.२. शिंपल्याची वाटी कोपऱ्यात.

पाऊस सुरू झाल्यापासून एक वेगळीच कटकट. ताटलीतलं उरलेलं दोन-तीन तासांत काढलं नाही तर चिलटं. आधी सोडून जायचे, आता नऊला घातलेलं अकराला उचलते, उरलेलं झाडांना. ऑफिसला जायच्या दिवशी दुपारचं कोरडंच देते. म्हणजे खरं सांगायचं तर आठवड्यातले तीन दिवस पूर्ण आंबोण, बाकीचे दिवस सकाळी ओलं, दुपारी सुकं. पक्ष्यांना फरक पडलेला दिसत नाही, माझ्या झोपेला पडला.

ट्रेखालची भुकटी आठवड्याला ६०० वरून ८०-९० ग्रॅम. अंडी परत ७-८, टरफल कडक. विष्ठेचा वास कमी झाला असं मला वाटतं, पण तो भुसा जास्त वेळा बदलते म्हणूनही असेल. अंड्याच्या चवीत काडीचा फरक नाही, ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी.

बर्फातला बाळू | १ जुलै, पहाटे ४:४५

वाचनखूण साठवली. फरशीवरचा डाग गेला का?

ठिपकेदार | १ जुलै, सकाळी ८:००

नाही.

गगनबावडा | ३ जुलै, रात्री ९:००

मी परत चालू केलं. कोरडं मोजून. पहिल्या आठवड्यात १६ पैकी ११. छातीचं हाड टोचत नाही आता. उपोषणाबद्दल त्यांची माफी मागितली, एकीने बोटाला चोच मारली.

घरचं सोयाबीन | ४ जुलै, दुपारी ३:२०

भाजलेलं सोयाबीन मक्याच्या भरड्यात मिसळून आंबवलं, डॉक्टर. वास छान. पण नर पहाटे चारला ओरडतो, शेजारी वैतागलेत. आंबोणाने ते कमी होतं का?

डॉ खुराडे | ४ जुलै, रात्री १०:५०

नाही. शेजाऱ्यांकडे आठवड्याला डझनभर अंडी पोचवा.

घरचं सोयाबीन | ४ जुलै, रात्री ११:०१

शाकाहारी आहेत.